ग्रेनेनचे वाळूचे टोक सरकते म्हणजे नेमके काय होते, आणि तेथे दोन समुद्रांचे पाणी खरोखर मिसळत नाही का?

भूगोलताई_अमळनेर यांचा प्रश्न

मी अमळनेर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. नववीला सागरी लाटांचे कार्य शिकवताना पुळण, वाळूचा दांडा, खाजण, सागरी कडा ही भूरूपे येतात, आणि आमच्या भागातील बहुतेक मुलांनी समुद्र प्रत्यक्ष पाहिलेलाच नसल्यामुळे सारी भिस्त चित्रांवर आणि मोबाइलवरील चित्रफितींवर राहते. सध्या मुलांमध्ये अशीच एक चित्रफीत फिरते आहे. डेन्मार्कच्या उत्तर टोकाला, स्कागेन गावाजवळ, ग्रेनेन नावाचे वाळूचे निमुळते भूशीर आहे. त्याच्या एका अंगाने स्कॅगरॅक आणि दुसऱ्या अंगाने कॅटेगॅट असे दोन समुद्र येऊन भिडतात आणि दोन्हीकडच्या लाटा टोकावर एकमेकींवर चढून येतात. येथवर सगळे ठीक आहे. पुढे मात्र निवेदक सांगतो की घनता वेगळी असल्यामुळे या दोन समुद्रांचे पाणी कधीही एकमेकांत मिसळत नाही, आणि त्याच्या पुराव्यादाखल निळ्या व राखाडी पाण्यामधली एक ठळक रेषा दाखवतो.

मुलांना ती रेषा फार आवडली आहे, म्हणूनच ती खरी आहे की नाही हे मला नीट समजून घ्यायचे आहे. घनता वेगळी असलेले पाणी मिसळतच नसेल, तर नदीचे गोडे पाणी समुद्रात जाऊन खारट कसे होते, हे मला त्यांना सांगता आले पाहिजे.

दुसरा प्रश्न एका विद्यार्थिनीचा आहे आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. हे टोक दर वर्षी सरकते, असे त्याच चित्रफितीत सांगितले आहे. त्यावर तिने विचारले, "मॅडम, टोक सरकत असेल तर नकाशावर ते कुठे काढायचे?" जमीन सरकते म्हणजे काय होते, वाळू कोठून येते आणि ती संपत कशी नाही, हे कोणी जाणकारांनी विस्ताराने सांगितल्यास उपकार होतील. शक्य झाल्यास विज्ञान प्रदर्शनात मांडता येईल असा एखादा प्रयोगही सुचवावा.

चोपडेकर_ऑलबोर्ग यांचे उत्तर

ताई, नमस्कार. माझे मूळ गाव चोपडा तालुक्यात आहे. सध्या नोकरीनिमित्त डेन्मार्कमधील ऑलबोर्ग येथे राहतो. ग्रेनेन येथून उत्तरेला शंभर किलोमीटरच्या आसपास असल्यामुळे गावाकडून कोणी आले की त्यांना तेथे नेणे होतेच. पाण्याच्या मिसळण्याविषयी आपल्याकडचे रसायनशास्त्राचे सर लिहितीलच, म्हणून मी वाळूविषयीच लिहितो.

जटलंड म्हणजे डेन्मार्कचा मुख्य द्वीपकल्पीय भाग; त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर वर्षातील बराच काळ पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून वारा वाहतो, त्यामुळे लाटा किनाऱ्याला काटकोनात न येता तिरक्या येतात. प्रत्येक लाट वाळूचा कण तिरका वर नेते आणि परतणारे पाणी त्याला उताराने सरळ खाली आणते. म्हणजे दर लाटेमागे तो कण थोडासा उत्तरेकडे गेलेला असतो. हे दिवसरात्र, शेकडो किलोमीटरच्या किनाऱ्यावर घडत असते. जोडीला किनाऱ्यालगतचा प्रवाहही त्याच दिशेने वाहतो. अशा रीतीने किनाऱ्यालगत निघालेली ही वाळू जेथे किनाराच संपतो आणि पुढे खोल पाणी लागते तेथे वाहून नेणारा जोर कमी पडल्याने खाली बसते, आणि त्या साठ्याचे पाण्याबाहेर आलेले शेवट म्हणजे ग्रेनेन.

हे एका टोकापुरते नाही, ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. स्कागेनचा सबंध दांडाच, म्हणजे सुमारे ३० किलोमीटर लांबीची जमीन, गेल्या काही हजार वर्षांत याच क्रियेने तयार झालेली आहे. हिमयुगात या प्रदेशावर बर्फाचे प्रचंड ओझे होते. ते वितळल्यावर जमीन अतिशय मंद गतीने वर उचलली जाऊ लागली आणि आजही उचलली जात आहे. त्यामुळे साचलेली वाळू पाण्याखाली न जाता कोरडी जमीन म्हणून टिकून राहिली आणि तिच्यावर गावे वसली, रस्ते झाले, रेल्वे आली.

आता वाळू कोठून येते ते पाहू. ती दुसऱ्या कोणाच्या तरी किनाऱ्यावरून येते. ग्रेनेनच्या नैऋत्येला, याच पश्चिम किनाऱ्यावर रुब्येर्ग क्नूद नावाचा उंच कडा आहे. त्यावर १९०० मध्ये दीपगृह सुरू झाले तेव्हा समुद्र त्याच्यापासून सुमारे २०० मीटर दूर होता. लाटांनी कडा कुरतडत आणला आणि २०१९ पर्यंत समुद्राकडची कडेलोटाची कड दीपगृहापासून जेमतेम सहा मीटरवर आली, तेव्हा त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सबंध दीपगृह रुळांवर ठेवून सुमारे ७० मीटर आत सरकवण्यात आले. अशा कड्यांची झीज हीच उत्तरेकडच्या टोकाची भर आहे. पाठ्यपुस्तकात सागरी कडा एका पानावर आणि वाळूचा दांडा दुसऱ्या पानावर असतो, त्यामुळे मुलांना ती दोन निरनिराळी भूरूपे वाटतात. येथे ती एकाच हिशेबाची जमा आणि नावे अशी उघड दिसतात. इतकेच काय, स्कागेन गावाच्या पश्चिम बाजूचा किनाराही झिजतो आहे आणि तेथे दगडी बांध घालून तो सांभाळावा लागतो, तर काही किलोमीटरवरचे टोक पुढे वाढत असते.

टोक दर वर्षी सरासरी काही मीटर ईशान्येकडे वाढते. मात्र ही वाढ सरळ रेषेत होत नाही. एखाद्या हिवाळी वादळात टोकाचा मोठा तुकडा एका रात्रीत नाहीसा होतो, कधी त्याचा बाक पूर्वेला वळतो, कधी टोकाजवळ पाण्याने वेढलेले वाळूचे बेट उरते आणि पुढे ते पुन्हा जोडले जाते. पाण्याबाहेर दिसते ते टोक तर लहानच; त्याच्यापुढे पाण्याखाली उथळ वाळूचा कटक कित्येक किलोमीटर गेलेला आहे. बाल्टिककडे जाणारे बहुतेक जहाज या टोकाला वळसा घालून जाते, आणि याच उथळ वाळूवर शतकानुशतके जहाजे फुटली. म्हणूनच येथे सोळाव्या शतकापासून दिवा आहे. १६२७ पासून लांब दांड्याच्या टोकाला जळत्या कोळशांची टोपली टांगून ती वर उचलत असत, पुढे १७४७ मध्ये विटांचे पांढरे दीपगृह झाले आणि १८५८ मध्ये ४६ मीटर उंचीचे करडे दीपगृह उभे राहिले. या क्रमाने दिवा टोकाच्या मागोमाग ईशान्येकडे गेलेला दिसतो. आपल्या विद्यार्थिनीला दाखवण्यासाठी यापेक्षा चांगला पुरावा मला सुचत नाही.

लाटांनी किनाऱ्यावर आणलेली वाळू पुढे वाऱ्याच्या ताब्यात जाते, आणि हा भाग मला सर्वांत गंभीर वाटतो. स्कागेनच्या नैऋत्येला चौदाव्या शतकात बांधलेले संत लॉरेन्सचे चर्च होते. आसपासची झाडे तुटली, गुरांनी गवत खाल्ले, आणि मोकळी झालेली वाळू अठराव्या शतकात चर्चवर येऊ लागली. भाविकांना प्रार्थनेसाठी दाराशी साचलेली वाळू उपसून आत जावे लागे. अखेरीस १७९५ मध्ये ते चर्च कायमचे बंद झाले. मुख्य इमारत पाडून तिचे सामान विकले गेले. मनोरा मात्र जहाजांना खूण म्हणून राखला, त्याला चुना फासला, आणि तो आजही वाळूतून वर उभा आहे. त्याच सुमारास, १७९२ मध्ये, उडती वाळू आवरण्यासाठी राजाज्ञा निघाली होती. एकोणिसाव्या शतकात मॅरम नावाचे लांब मुळांचे गवत आणि पाइनची झाडे लावून बहुतेक टेकड्या स्थिर केल्या गेल्या. एक टेकडी मात्र हेतुपूर्वक मोकळी ठेवली आहे. राब्येर्ग मीले हे तिचे नाव. तिचा विस्तार सुमारे एक चौरस किलोमीटर आणि उंची सुमारे ४० मीटर असून ती वाऱ्याबरोबर ईशान्येकडे वर्षाला १८ मीटरपर्यंत सरकते. वाळूचे मुक्त वर्तन पुढच्या पिढ्यांना पाहता यावे म्हणून सरकारने ती विकत घेऊन तिच्यावर लागवड न करण्याचे ठरवले. हा निर्णय मला अतिशय दूरदृष्टीचा वाटतो.

नकाशाच्या प्रश्नाचे उत्तर प्रमाणात आहे. एकास एक कोटी प्रमाणाच्या शालेय नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे १० किलोमीटर होतात. वर्षाला दहा मीटर वाढ धरली तरी पेन्सिलीची रेघ एक मिलिमीटर पुढे नेण्यास एक हजार वर्षे लागतील. जहाजाच्या कप्तानाचा नकाशा मात्र मोठ्या प्रमाणाचा असतो. त्याला तो वारंवार अद्ययावत करून घ्यावाच लागतो. विद्यार्थिनीचा प्रश्न कप्तानाचा आहे, असे तिला माझ्याकडून अवश्य सांगावे.

रसायन_धुळे यांचे उत्तर

चित्रफितीतील विधान चुकीचे आहे. दोन्ही समुद्रांचे पाणी मिसळते, आणि तेथे तर भरपूर मिसळते. प्रश्न फक्त किती वेळात आणि कोणत्या थरात मिसळते एवढाच आहे.

या दोन पाण्यांत फरक आहे, हे मात्र खरे. महासागराच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि स्कॅगरॅकचे पाणी उत्तर समुद्राकडून येत असल्याने त्याच्या बरेच जवळचे असते. कॅटेगॅटला मात्र बाल्टिक समुद्राचे पाणी मिळते. बाल्टिकला अनेक नद्या मिळतात, बाष्पीभवन बेताचे आहे आणि महासागराशी त्याचा संबंध अरुंद सामुद्रधुन्यांतूनच आहे, त्यामुळे त्याच्या मुख्य भागातील पृष्ठजल किलोमागे अवघे सात-आठ ग्रॅम क्षारांचे असते. हे हलके, मचूळ पाणी कॅटेगॅटमधून पृष्ठभागावरून उत्तरेकडे वाहते, आणि त्याच्या खालून जड, खारे पाणी दक्षिणेकडे बाल्टिकच्या दिशेने सरकते. म्हणजे या दोन समुद्रांची गाठ पडते ती बव्हंशी वर-खाली अशा थरांत पडते. शेजारी-शेजारी उभी भिंत असल्याचे चित्र मुलांच्या मनातून काढून टाकावे लागेल.

घनतेतील फरक मिसळण्याला विलंब लावतो. तो मिसळणे थांबवू शकत नाही. हलके पाणी वर आणि जड पाणी खाली असले की त्यांना एकत्र करण्यासाठी बाहेरून ऊर्जा लागते, कारण जड पाणी वर उचलावे लागते. वारा, लाटा आणि प्रवाह ती ऊर्जा देतात, म्हणूनच बाल्टिकमधून निघालेले सात-आठ ग्रॅमचे पाणी कॅटेगॅट ओलांडेपर्यंत वाटेतच वीस ग्रॅमच्या आसपास आणि त्याहूनही अधिक खारट झालेले असते. ते न मिसळताच असे झाले, असे कोणाला म्हणता येणार नाही. ताई, आपल्या नदीच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे.

पृष्ठभागावर कधी कधी रेषा दिसते, तिला सागरी सीमापट्टा म्हणता येईल. दोन प्रकारचे पाणी जेथे येऊन टेकते तेथे फेस, काडीकचरा आणि शेवाळ जमते, रंगात फरक दिसतो. पण वारा बदलला की ती रेषा हलते, वाकते, तुटते. इंटरनेटवर दोन समुद्रांची सरहद्द म्हणून जे निळ्या-राखाडी पाण्याचे प्रसिद्ध छायाचित्र फिरते, ते तर अलास्काच्या आखातातील आहे. हिमनद्यांनी दळलेले खडकांचे बारीक पीठ घेऊन येणारे नद्यांचे गढूळ पाणी समुद्राच्या स्वच्छ पाण्याला भेटते, त्या जागेचे ते चित्र आहे. ते ग्रेनेनचे म्हणून दाखवले जात असेल तर मुलांना तसे स्पष्ट सांगितले पाहिजे.

ग्रेनेनच्या टोकावर लाटा आडव्या-उभ्या चढताना दिसतात, त्याचा खारेपणाशी काही संबंध नाही. दोन वेगवेगळ्या दिशांनी आलेल्या लाटा उथळ वाळूवर वळून एकमेकींना छेदतात, म्हणून तसे दिसते.

तापीकाठ यांचे उत्तर

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आहे. समुद्राचा अनुभव मला नाही, नदीचा आहे, तेवढ्यापुरते लिहितो.

ताई, पावसाळ्यात मुलांना मुक्ताईनगरजवळ चांगदेवच्या संगमावर नेता आले तर अवश्य न्यावे. पूर्णा वऱ्हाडातील काळ्या मातीतून येते, तापी सातपुड्याच्या अंगाने येते, आणि दोन्हींना एकाच वेळी सारखा पूर नसेल तर संगमाखाली काही अंतरापर्यंत दोन रंगांचे पाणी शेजारी-शेजारी वाहताना दिसते. हतनूर धरणाच्या फुगवट्यामुळे तेथील पाणी आता बरेच संथ असते, तरीही रंगांचा भेद ओळखू येतो. पुढे भुसावळकडे जावे तो सगळे पाणी एकाच रंगाचे झालेले असते. समुद्रातील रेषा समजण्यासाठी मुलांना खानदेशात पाहता येईल असे याहून जवळचे उदाहरण नाही. भेद क्षारांचा नसून गाळाचा आहे, एवढे मात्र त्यांना सांगावे.

चोपडेकर भाऊंनी वाळूची जमा आणि नावे सांगितली, त्याला मला एक जोड द्यावीशी वाटते. समुद्रकिनाऱ्यावरील वाळू कड्यांच्या झिजेतून येते तशी नद्यांतूनही येते, आणि आपल्या देशात नद्यांचा वाटा फार मोठा आहे. तापी मध्य प्रदेशातील मुलताईजवळ उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत सुरतेपलीकडे खंभातच्या आखातास मिळते. वाटेत हतनूर, मग गुजरातेतील उकाई अशी धरणे आहेत. धरण पाणी अडवते तसा गाळ आणि वाळूही अडवते. हतनूरचा जलाशय गाळाने किती भरला आहे हे त्या भागातील शेतकरी रोज पाहतात. धरणाखाली उरलेल्या पात्रातून, आणि गिरणेच्या पात्रातून तर रात्रंदिवस, वाळूचे ट्रॅक्टर आणि डंपर भरले जातात. पात्र उघडे खडकाळ पडते, काठच्या विहिरींची पातळी खाली जाते, आणि जी वाळू कधीतरी समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोहोचली असती ती कोणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसते. घर बांधणाऱ्याला वाळू लागते हे मला मान्य आहे, माझ्या सगळ्या नोकरीत मी बांधकामेच केली. तरीही नदीचे पात्र ही वाळूची खाण आहे, ही समजूत आपण सोडली पाहिजे. ग्रेनेन टिकून आहे ते मागून येणारा पुरवठा तुटलेला नाही म्हणून. तो उद्या कोणी अडवला तर त्याच लाटा त्या टोकाला खाऊन टाकतील.

विद्यार्थिनीने "वाळू संपत कशी नाही" असेही विचारले तर तिला हे दोन्ही अंगांनी सांगावे. जेथे पुरवठा थांबतो, तेथे ती संपते.

भूगोलताई_अमळनेर

चोपडेकर भाऊ, सर आणि काका, आपण तिघांनीही इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. दीपगृहांचा क्रम आणि नकाशाच्या प्रमाणाचे गणित मी उद्याच फळ्यावर मांडणार आहे.

एक उपप्रश्न विचारते. आमच्या मुलांच्या घरची अनेक वडीलधारी मंडळी काशी-रामेश्वरची यात्रा करून आलेली आहेत, आणि धनुष्कोडीलाही दोन समुद्र भेटतात असे ती सांगतात. डेन्मार्क मुलांना फार दूरचे वाटते. आजी-आजोबांनी पाहिलेले ठिकाण असेल तर त्यांना त्याविषयी घरी विचारता येईल. धनुष्कोडीचे टोक ग्रेनेनच्याच जातीचे आहे का?

यात्रेकरू_पारोळा यांचे उत्तर

ताई, आमच्या गावातून दर वर्षी रामेश्वरला बस जाते आणि माझे त्या निमित्ताने अनेकदा जाणे झाले आहे. धनुष्कोडी पाहिल्यावर त्याविषयी वाचण्याची ओढ लागली, म्हणून लिहितो.

जातीने ते टोक ग्रेनेनचेच भावंड आहे, स्वभाव मात्र निराळा आहे. पांबन बेटाच्या आग्नेय अंगाला लांबट वाळूचा पट्टा समुद्रात शिरतो आणि अरिचल मुनै येथे संपतो. त्याच्या उत्तरेला पाल्कचा उपसागर आहे, जो अतिशय उथळ आहे. दक्षिणेला मन्नारचे आखात आहे, जे पुढे बरेच खोल होत जाते. यात्रेकरूंना तेथे बंगालचा उपसागर आणि हिंदी महासागर भेटतात असे सांगितले जाते. भूगोलाच्या वर्गात पाल्क आणि मन्नार ही नावे वापरणे अधिक नेमके ठरेल. पट्टा इतका अरुंद आहे की रस्त्यावर उभे राहून दोन्हीकडचे पाणी दिसते, आणि बहुधा एक बाजू शांत व दुसरी खवळलेली असते.

कोणती बाजू खवळलेली दिसेल हे ऋतूवर अवलंबून आहे. जून ते सप्टेंबर या काळात नैऋत्य मोसमी वारे मन्नारच्या बाजूने लाटा आणतात. ऑक्टोबरनंतर ईशान्य मोसमी वारे सुरू झाले की पाल्कची बाजू खवळते. वारा फिरला की किनाऱ्यालगत वाहणाऱ्या वाळूची दिशाही फिरते. ग्रेनेनला वाळू मुख्यतः एकाच बाजूने मिळते आणि ते एकाच दिशेने वाढत राहते. अरिचल मुनैला ती वर्षातून दोनदा दोन बाजूंनी मिळते, म्हणून तेथील टोक ऋतूनुसार कधी एकीकडे तर कधी दुसरीकडे वळलेले दिसते. यात्रेला दिवाळीत गेलेल्या आजोबांनी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलेल्या मामांनी त्या टोकाचे वर्णन वेगवेगळे केले, तर दोघेही खरे सांगत असतील.

टोकापलीकडे तलैमन्नारपर्यंत, म्हणजे श्रीलंकेच्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे तीस किलोमीटरच्या अंतरात उथळ वाळूच्या बेटांची आणि दांड्यांची साखळी आहे. आपली श्रद्धा तिला रामसेतू म्हणून वंदन करते. त्या साखळीतील वाळूची बेटेही लाटांबरोबर आकार बदलतात.

मुलांना धनुष्कोडी गावाविषयीही सांगावे, कारण वाळूच्या पट्ट्यावर वसणे म्हणजे काय हे त्यातून कळते. १९१४ मध्ये पांबनचा रेल्वेपूल सुरू झाल्यावर धनुष्कोडी हे रेल्वेचे शेवटचे स्थानक झाले आणि तेथून प्रवासी बोटीने तलैमन्नारला जात असत. स्थानक, टपाल कार्यालय, चर्च, बंदर असे नांदते गाव होते ते. १९६४ च्या डिसेंबरातील २२ आणि २३ तारखांच्या मधल्या रात्री चक्रीवादळाबरोबर समुद्राची प्रचंड लाट सबंध पट्ट्यावरून गेली. पांबनहून येणारी प्रवासी गाडी स्थानकाजवळ आली असताना प्रवाशांसह वाहून गेली आणि त्यातील शंभरावर माणसे दगावली. त्यानंतर ते ठिकाण वस्तीस अयोग्य म्हणून जाहीर झाले. आज तेथे चर्चच्या आणि स्थानकाच्या भिंती उभ्या आहेत, मासेमारी करणारी काही कुटुंबे झोपड्यांतून राहतात, आणि २०१७ पासून थेट टोकापर्यंत डांबरी रस्ता झाला आहे. रस्ता झाल्यापासून गर्दी फार वाढली. गाड्या टोकापर्यंत जातात, मंडळी पाण्यात उतरतात. तेथील प्रवाह फसवे आहेत, स्नानासाठी रामेश्वरचे अग्नितीर्थ आहेच. वडीलधाऱ्यांना आणि मुलांना टोकावर पाण्यात उतरू देऊ नये, हे मी प्रत्येक फेरीत आमच्या बसमधील लोकांना हात जोडून सांगतो.

चोपडेकर_ऑलबोर्ग

यात्रेकरू भाऊंचे शेवटचे वाक्य येथेही तंतोतंत लागू आहे. ग्रेनेनच्या टोकावर पोहण्यास बंदी आहे. एक पाय एका समुद्रात आणि दुसरा दुसऱ्या समुद्रात ठेवून छायाचित्र काढण्याची येथे रीतच पडली आहे, पण घोट्याच्या वर पाणी येईल इतके पुढे जाऊ नये, कारण दोन्हीकडचे प्रवाह टोकाशी एकत्र येऊन माणसाला उथळ पाण्यातूनही ओढून नेतात. वाहनतळापासून टोकापर्यंत वाळूतून बरेच चालावे लागते. ज्यांना ते झेपत नाही त्यांच्यासाठी उन्हाळी हंगामात ट्रॅक्टरने ओढली जाणारी गाडी असते. आणखी एक गोष्ट मुलांना आवडेल: टोकावर पुष्कळदा सील पहुडलेले असतात.

रसायन_धुळे

ताई, प्रयोगाचे राहिले होते. काचेची माशांची पेटी घ्यावी आणि तिच्या मधोमध प्लॅस्टिकच्या पत्र्याचा घट्ट बसणारा पडदा लावावा. फटींना मळलेली कणीक किंवा मेण लावले तरी काम भागते. दोन्ही बाजूंना एकाच तापमानाचे, सारख्याच पातळीपर्यंत पाणी भरावे. एका बाजूस लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवून त्यात निळी शाई घालावी, दुसऱ्या बाजूस लिटरमागे सात-आठ ग्रॅम मीठ आणि थोडे कुंकवाचे पाणी गाळून घालावे. पडदा हळूच सरळ वर उचलला की निळे पाणी तळाशी धावते आणि तांबडे वर पसरते. उभी रेषा क्षणभरही टिकत नाही, आडवी मात्र बराच वेळ टिकते; चित्रफितीत काय चुकले ते मुलांना येथेच दिसेल.

त्यानंतर पाण्याच्या पृष्ठभागावर टेबलफॅनचा वारा सोडावा. मधल्या सीमेवर लहान लहान लाटा उठतील, तांबडे आणि निळे एकमेकांत शिरून जांभळा पट्टा तयार होईल आणि तो वाढत जाईल. पंखा लावलेली एक पेटी आणि न लावलेली दुसरी अशा दोन पेट्या शेजारी ठेवल्या, तर वाऱ्याचे काम वेगळे दाखवता येते. पंखा नसलेली पेटी प्रदर्शन संपेपर्यंत हलवू नये, आणि दर तासाला जांभळ्या पट्ट्याची जाडी पट्टीने मोजून तक्त्यात लिहिण्याचे काम त्या नकाशाचा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीकडे द्यावे.